शांतिनिकेतनी पर्स, पायताणवाल्यांच्या घरातून बघितलेली

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना खाली उतरायला नको. कोल्हापूरच्या दसरा चौकात भरलेल्या हस्तकला प्रदर्शनातून घेतलेली शांतिनिकेतनी चामड्याची खांद्याची पर्स. सांगितली बाराशे, दिली साडेनऊशेला. चामडं चांगलं, ठसा उत्तम, कडेची वादी अप्रतिम, रंग बेभरवशाचा, चेन टाकाऊ. पाचपैकी साडेतीन. वापरून एक अख्खा कोल्हापुरी पावसाळा झालाय, त्यामुळे हे मत नव्या वस्तूच्या कौतुकातलं नाही.

आता मी कोण म्हणून सांगणार? माझे वडील कापशी पायताण, म्हणजे कोल्हापुरी चपला, करायचे. सुभाषनगरात घर, पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत आम्ही. आई आणि मी वेण्या घालायचो, पट्ट्यावरची नक्षी ओवायचो. दुकान आता भाऊ बघतो. मी शिकले, डी.एड. झाले आणि निवृत्त होईपर्यंत शाळेत कार्यानुभव शिकवला. म्हणजे चामडं हातातून गेलंय, आणि पोरांच्या हातात काय द्यावं याचा विचारही बरीच वर्षं केलाय. ही पर्स या दोन्ही गोष्टींच्या मध्ये येऊन बसली, म्हणून एवढं लांबण लावतेय.

स्टॉलवर पर्स उचलली की माणसं आधी आरशात बघतात. मी वास घेतला. विकणारा पोरगा बघतच राहिला. मग पर्स उलटी केली, अस्तर जिथं सुटं होतं तिथं बोट घालून चामड्याची मागची बाजू चाचपली. लवदार, तंतू लागणारी. म्हणजे खरं कातडं, रेक्झिन नव्हे. शेळीमेंढीचं, पातळ, एक मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे म्हशीचं आणि बैलाचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवतात, त्यात महिना-सव्वा महिना सहज जातो. शांतिनिकेतनी कामाला लागणारं कातडं बहुतेक दक्षिणेकडून येतं, तिथली जुनी रीत तरवडाची साल आणि हिरडा. म्हणजे हिरडा दोन्हीकडे. तो तुरट वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे आणि या पर्सला तो मंद का होईना, होता. रसायनात झटपट कमावलेल्या कातड्याला असा वास नसतो, आणि त्याच्यावर ठसाही असा बसत नाही.

ठशाबद्दल जरा सांगायला हवं. सालीत कमावलेलं कातडं ओलसर करून त्यावर धातूचा ठसा दाबला की रेषा आत बसतात आणि वाळल्यावर तशाच राहतात. नखानं दाबून बघितलं तरी उचलत नाहीत. माझ्या पर्सवर आलपनेची वेल आहे. आलपना म्हणजे बंगाली बायकांची तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं काढलेली रांगोळी. ती अंगणातून उचलून शिक्षणात आणली शांतिनिकेतनच्या कलाभवनानं, नंदलाल बोस यांच्या हाताखाली. आपल्या राज्यघटनेच्या मूळ प्रतीची पानं सजवली तेच हे नंदलाल बोस. रेषेला मधूनमधून तडे गेल्यासारखी बारीक जाळी दिसते, ती बाटिकची, म्हणजे मेण लावून रंगवायच्या पद्धतीची. रवींद्रनाथ 1927 साली जावा-बालीला गेले होते, त्या फेरीनंतर तिकडचं बाटिक शांतिनिकेतनात रुजलं. ते आधी कापडावर आलं, मग चामड्यावरही उतरलं. छापील नक्कल आणि खरं काम ओळखायचं असेल तर ही जाळी बघा. नकलेत दोन पर्सवर तडे अगदी सारखे असतात.

पण खरी वस्तू आहे ती कड. पर्सच्या तिन्ही बाजूंना मशीनची शिलाई नाही. सारख्या अंतरावर भोकं पाडून त्यातून चामड्याची बारीक वादी तिरकी ओवत नेलीय, कोपऱ्यावर एकेका भोकातून दोनदा फिरवलीय म्हणजे तिथं ताण येऊ नये. हे मला कुणी सांगायला नको, आमचा धंदाच वादीचा. कोल्हापुरी पायताणात खिळा नसतो, तळ वादीनंच शिवतात. मी भावाला कोपरा दाखवला. तो चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत होता.

म्हणाला, ‘‘अक्का, हे बाईमाणसाचं काम हाय. हात लई बारीक चाललाय.’’

मग म्हणाला, ‘‘पण कातडं आपल्या कामाचं न्हाई. पायात घातलं तर आठ दिवसांत भुगा हुईल.’’

ही पर्स आहे रे बाबा, पायात कोण घालतंय.

स्टॉलवरच्या पोरानं पर्सला दोऱ्यानं बांधलेलं एक कार्ड दाखवलं. त्यावर रवींद्रनाथांचा दाढीवाला फोटो, खाली नोबेल, राष्ट्रगीत आणि ‘गुरुदेवांच्या भूमीतून’ असं काहीतरी हिंदीत. बस्स. पर्सचा त्या दाढीशी काय संबंध, याचा एक शब्द नाही. ‘जन गण मन’ लिहिणाऱ्या माणसाचा फोटो उद्या उदबत्तीच्या पुड्यावरही लावता येईल. इथं तर संबंध चांगला घट्ट आहे, आणि तोच लिहिलेला नाही. माझा अर्धा तारा या कार्डापायी गेला.

तो संबंध असा. 1901 च्या डिसेंबरात रवींद्रनाथांनी वडिलांच्या आश्रमाच्या जागेवर शाळा काढली, मुलं पाच. त्यात एक त्यांचा स्वतःचा मुलगा रथींद्रनाथ. पैसा नव्हता, बायको मृणालिनीदेवींनी दागिने विकायला काढून दिले. वर्षभरात त्या गेल्या, पाठोपाठ मुलगी रेणुका, 1907 साली धाकटा शमींद्र. शाळा मात्र चालू राहिली. याच 1901 साली इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढं जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली. ज्या दसरा चौकात मी पर्स घेतली तिथं महाराजांचा पुतळा आहे आणि जवळच मुस्लिम बोर्डिंगची इमारत. दोघांचे रस्ते वेगळे, पण साल एकच आहे हे मला त्या गर्दीत उभं राहून आठवलं आणि बरं वाटलं.

आता थोडं कडू. शांतिनिकेतनची शाळा सुरुवातीला आपण समजतो तेवढी मोकळी नव्हती. पहिल्या काही वर्षांत तिथं जेवायच्या पंगतीला जात पाळली जायची, आणि ब्राह्मण विद्यार्थ्यानं अब्राह्मण शिक्षकाच्या पाया पडावं की नाही यावर खल व्हायचा. आमच्या घरात जन्मलेल्या माणसाला ही माहिती टोचते. शाहू महाराज त्याच काळात वेदोक्ताच्या, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करायच्या हक्काच्या, वादाला तोंड देत होते. रवींद्रनाथ पुढं बदलले, शाळाही बदलली, आणि तो बदल कुठवर गेला हे बघायचं असेल तर या पर्सच्या कडेकडं बघावं असं मी म्हणते.

कारण चामडं तिथं आणलं कुणी? रथींद्रनाथ आणि त्यांची बायको प्रतिमादेवी. बापानं रथींद्रला बॅरिस्टर करायला विलायतेला पाठवलं नाही. 1906 साली अमेरिकेत इलिनॉयच्या विद्यापीठात शेती शिकायला धाडलं. प्रतिमादेवी बालविधवा होत्या, 1910 साली रवींद्रनाथांनी त्यांना आपल्या घरात सून म्हणून आणलं. ठाकूर घराण्यातला तो पहिला विधवाविवाह. 1920 च्या दशकात हे दोघं युरोपातून चामड्याचं काम शिकून आले आणि ते शांतिनिकेतनाजवळच्या श्रीनिकेतनात सुरू केलं. जमीनदाराचा मुलगा आणि सून ठसा मारायला, वादी ओवायला बसले. आमच्याकडे ज्या कामावरून माणसाला पाण्याच्या हौदापासून लांब ठेवत, ते काम तिकडे भद्र घरच्या मुली शिकू लागल्या. रथींद्रनाथ 1951 साली शांतिनिकेतनच्या विश्वभारती विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, पण लाकडाचं आणि चामड्याचं काम काही सोडलं नाही.

यात माझ्या मनात दोन गोष्टी एकदम येतात आणि त्या एकमेकींशी भांडतात. चामड्याला मान मिळाला याचा आनंद. आणि मान मिळायला ते मोठ्या घरच्या हातात जावं लागलं याचा राग. वडील असते तर म्हणाले असते, मान कुठनं का येईना, रोजी वाढली का ते सांग. मी ते पोराला विचारलं. तो शांतिनिकेतनाजवळच्या बोलपूरचा. म्हणाला, घरी आई आणि वहिनी वादी ओवतात, नगावर पैसे मिळतात. किती, ते काही सांगेना. हसून म्हणाला, ‘‘दीदी, पर्स लो ना.’’ म्हणजे समजलं.

श्रीनिकेतन म्हणजे शांतिनिकेतनचं धाकटं भावंड, दोन-तीन किलोमीटरवर सुरुल गावात, 6 फेब्रुवारी 1922 ला सुरू झालं. लेनर्ड एल्महर्स्ट नावाचा इंग्रज शेतीतज्ज्ञ पहिला प्रमुख. शेती, गुरं, मलेरियाशी लढाई, सहकार, विणकाम, मातीकाम, चामडं. कवितेशी याचा काय संबंध असं विचारणारे तेव्हाही होते. पण रवींद्रनाथांनी तरुणपणी जमीनदारीच्या कामासाठी शिलाईदह, पतिसर इथं बरीच वर्षं काढली होती. गावाचं कर्ज काय असतं ते डोळ्यांनी बघितलं होतं. पतिसरला त्यांनी शेतकऱ्यांसाठी बँक काढली आणि नोबेलचा पैसा त्या बँकेत ठेवला. गल्लोगल्ली पतसंस्था असलेल्या कोल्हापूरकराला ही गोष्ट लगेच कळेल. नोबेल सगळ्यांना ठाऊक, त्या पैशाचं काय केलं ते कार्डावर लिहा की.

माझ्या विषयाशी याचा संबंध आणखी जवळचा. 1924 साली रवींद्रनाथांनी शिक्षासत्र नावाची दुसरी शाळा काढली, खेड्यातल्या गरीब पोरांसाठी. पुढं ती श्रीनिकेतनात गेली. तिथं हातकाम हा वरचा तास नव्हता, शिक्षणच त्याच्याभोवती होतं. शांतिनिकेतनात काम केलेले आर्यनायकम आणि त्यांच्या पत्नी आशादेवी नंतर वर्ध्याला आले आणि गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, त्यांनी सेवाग्रामात चालवली. त्या प्रवाहाचा एक सुकत आलेला ओहोळ म्हणजे आपल्या वेळापत्रकातला कार्यानुभवाचा तास. मी ज्या शाळांत होते त्यांतल्या एकीत हा तास गणिताच्या सरांना हक्कानं दिला जायचा. उरलेल्या वेळात क्रेप कागदाची फुलं. मी पोरांना चामड्याचे तुकडे आणून द्यायचे, भावाच्या दुकानातली कात्रणं. एकदा एका पालकानं येऊन विचारलं होतं, आमच्या मुलाला हे कशाला शिकवता? त्याला मी तेव्हा काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आज मी त्याच्यापुढं ही पर्स ठेवीन.

असो. पर्सकडे येऊ.

पावसाळ्यात काय झालं? जूनमध्ये पर्स नवी होती. मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडपर्यंत चालत गेले, पाऊस तिरका, छत्री असून नसल्यासारखी. घरी येऊन बघते तर पांढऱ्या सुती साडीवर खांद्यापासून कमरेपर्यंत मरून पट्टा. पर्सचा मरून रंग सुटला होता. काळा आणि मोहरीचा पिवळा होता तसाच, फक्त मरूनच गेला. साडी दोनदा भिजवली, डाग फिका झाला, गेला नाही. ठसा मात्र जसाच्या तसा. चामडं भिजून वाळल्यावर जरा ताठ झालं, मी आतून-बाहेरून खोबरेल तेलाचा हात फिरवला तेव्हा पुन्हा नरम पडलं. तेल अगदी थोडं लावा, नाहीतर रंग काळवंडतो. आणि काही केलं तरी उन्हात वाळवू नका. सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून वाळवा.

चेन ऑगस्टमध्येच अडकली. दात चांगले, पण धावणारा तुकडा हलक्या पत्र्याचा. चप्पल लाइनजवळ पिशव्या दुरुस्त करणाऱ्याकडून साठ रुपयांत बदलून घेतली. त्यानं जुनी चेन बघून नुसती मान हलवली. पट्टा जिथं अंगाला जोडलाय तिथं वादी नाही, मशीनचे दोन टाके आहेत, आणि तिथंच पर्स फाटायला लागली. एवढी सुंदर कड हातानं ओवायची आणि सगळं वजन जिथं येतं तिथं दोन टाके मारून मोकळं व्हायचं, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक जोडकाम दुसऱ्याच कारखान्यात होत असावं. भावानं आरीनं चार भोकं पाडली आणि म्हशीच्या कातड्याची वादी घालून पट्टा बसवून दिला. आता त्या जागी शांतिनिकेतन आणि सुभाषनगर एकत्र आहेत, आणि खरं सांगते, तीच जागा सगळ्यात मजबूत आहे.

भावाची यावरची टिप्पणी, ‘‘टागोरांला सांग, पट्टा आमच्याकडनं घ्या म्हणावं.’’

मोबाईल, डबी, चष्मा, रुमाल आणि एक बारकं पुस्तक मावतं. पाण्याची बाटली घालू नका. अस्तर पातळ सुती आहे, आतला एकच कप्पा. केएमटी बसच्या गर्दीत पर्स अंगाला घासून घासून कडेची वादी काळपट झालीय, पण एकही ओवा निघालेला नाही. त्या बोलपूरच्या आई-वहिनींना पैकीच्या पैकी.

किंमतीबद्दल. साडेनऊशे महाग आहे का? कातडं, ठसा, रंग, एवढं ओवण, वर बंगालपासूनचं भाडं. आमच्याकडच्या चांगल्या हातकामाच्या जोडाला लोक किती घासाघीस करतात ते मी लहानपणापासून बघितलंय, म्हणून मला घासाघीस करताना लाज वाटते. तरी केली. तो बाराशेवरून स्वतःच खाली आला. दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन आहे, शांतिनिकेतनी चामड्याला 2007-08 मध्ये मिळालं, आपल्या कोल्हापुरीला 2019 मध्ये. मानांकनानं नक्कल थांबली असं नाही. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या जूनमध्ये, इटलीतल्या एका बड्या ब्रँडनं आपल्यासारखं पायताण मिलानच्या रॅम्पवर फिरवलं आणि आधी नावही घेतलं नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. बंगाली चामड्याचंही तेच, रेक्झिनवर आलपना छापून कुठंही विकतात. फरक ओळखायचा तर कड बघा, मागची बाजू बघा, नखानं ठसा दाबून बघा. कडेला मशीनचा दोरा असेल तर ठेवून द्या.

विक्रेत्याबद्दल तक्रार नाही. पोरगा गोड बोलत होता, सगळ्या पर्स काढून दाखवल्या, पिशवी नको म्हटल्यावर कागदात गुंडाळून दिली. त्याच्याकडून एक नवीन कळलं, शांतिनिकेतनात आठवड्याची सुट्टी बुधवारी असते, रविवारी नाही. मी त्याच्याबदल्यात त्याला एक गोष्ट सांगितली. म्हटलं, तुमच्या रवींद्रनाथांनी 1904 साली शिवाजी महाराजांवर कविता लिहिलीय, ‘शिवाजी उत्सव’. बंगालात राहणारे सखाराम गणेश देऊस्कर नावाचे मराठी गृहस्थ होते, त्यांच्या शिवाजीवरच्या पुस्तिकेच्या निमित्तानं. हे कार्डावर लिही, कोल्हापुरात तुझा स्टॉल संध्याकाळपर्यंत रिकामा होईल. त्यानं मोबाईलवर लगेच शोधलं आणि शेजारच्या स्टॉलवाल्याला हाका मारायला लागला. दुसऱ्या दिवशी भाची तिकडं गेली होती, तिला त्यानं ती कविता बंगालीत म्हणून दाखवली म्हणे, आणि पाकीट विकलं.

ते पाकीटही बघितलं. लहान, घडीचं, चेन नाही, पट्टा नाही, सगळ्या बाजूंनी वादीची कड. साडेतीनशे. म्हणजे या मालाची जी बलस्थानं ती सगळी त्यात आहेत आणि जिथं हा माल पडतो त्या जागाच नाहीत. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी पाकीटच घ्यावं. पर्सच हवी असेल तर काळी-मोहरी घ्या, आत बोट घालून पट्ट्याचा जोड ओढून बघा, आणि पट्टा घरी आल्या आल्या कुठल्याही पायताणवाल्याकडून वादीनं ओवून घ्या. आमच्याकडं आणलीत तर भाऊ वीस-तीस रुपयांत करून देतो. मरून मात्र घेऊ नका, निदान दिवाळीपर्यंत तरी.